बॉल समुद्रात गेला तर

फेरो बेटांतलं आमचं बेट शेवटून दुसरं,
आणि शाळेत मुलं नऊ.
एका बाजूला पाच,
दुसरीकडे चार आणि पाद्र्याचा कुत्रा.
मुलगा-मुलगी असा हिशेब करायला
माणसं तरी हवीत की नकोत?

मैदानाच्या तीन बाजूंना डोंगर,
चौथ्या बाजूला अटलांटिक.
नियम एकच, फळ्यावर कधीही न लिहिलेला:
ज्याच्या पायाने बॉल समुद्रात जाईल
त्याने होडी काढायची.
मी सात वेळा काढली.
बेइनिरने अकरा. तो म्हणतो आठ.

मी गोलात उभी राहायचे,
भावाचे जुने लोकरी मोजे हातांत चढवून.
यास्पुरची किक पोटात बसली की श्वास हरवायचा.
तो यायचा, वाकून बघायचा, "मेलीस का?"
"नाही."
"मग टाक की बॉल."
एवढंच.
याहून मोठा मान मला पुढे कुणी दिला नाही.

तेराव्या वर्षी बोटीने टोर्सहावनला, मोठ्या शाळेत.
हॉलच्या मधोमध हिरवं जाड कापड.
बटण दाबलं की घरघरत खाली यायचं
आणि हेरी सर म्हणायचे, मुली डावीकडे.
मी उजवीकडेच थांबले,
बंड वगैरे नाही, सवयीने.
हशा झाला.
यास्पुरही हसला.
नंतर वर्षभर पडद्यापलीकडून
त्याच्या किकचा आवाज यायचा;
शंभरात ओळखला असता मी तो.

सभांमध्ये गोष्ट मी इथेच संपवते.
लोक माना डोलावतात.

पण डावीकडे रानवा होती.
उंच, पोक काढून चालणारी,
जणू ती उंची कुणाकडून उसनी आणलेली.
धाकट्या शाळेत एकत्र तास असायचा तेव्हा
दर गुरुवारी तिच्या पोटात दुखायचं.
कुणी तिला काही केलं नव्हतं.
बॉल तिच्याकडे यायचाच नाही,
आणि आला तेव्हा चौघं एकदम ओरडले होते, "मी घेतो!"
पडद्याच्या डावीकडे, नोव्हेंबरात,
ती पहिल्यांदा धावली.
तिचा बॉल माझ्या हातांतून निसटून जाळीत गेला
आणि तिला कळेना, आता स्वतःच्या हातांचं काय करायचं.
मी म्हटलं, "मेलीस का?"
बिचारी घाबरली.
तिला हा मान ठाऊक नव्हता.

आता मी सत्तेचाळीस. शिट्टी माझ्या गळ्यात.
टेबलावर पुढच्या वर्षाचा कागद:
एकत्र की वेगळे, एकावर खूण करा.
खाली शेऱ्यासाठी अर्धी ओळ.

आठवीत एक सुन्नवा आहे;
मुलांना पाडते, हात देऊन उठवते, पुन्हा पाडते.
एक बार्दुर आहे;
बॉल आला की डोळे मिटतो,
आणि ते मिटलेले डोळे
मुलांना आठवडाभर हसायला पुरतात.
काल बुटाची नाडी बांधता बांधता,
माझ्याकडे न बघता, तो म्हणाला,
"मला डावीकडे चालेल का?"

मी पेन दोनदा उघडलं, दोनदा मिटलं.

पडद्याची मोटर म्हातारी झाली आहे.
गेल्या हिवाळ्यापासून तो कमरेशी येऊन अडतो.
खालच्या फटीतून बॉल इकडचे तिकडे जातात
आणि बॉलमागे मुलं, कुणी रांगत, कुणी घसरत;
कोण कुठल्या बाजूचं हे उठेपर्यंत विसरलेली.
काही मात्र आपल्या बाजूला, भिंतीशी,
निवांत.

खूण मी केली नाही.
अर्ध्या ओळीत लिहिलं:
मोटर दुरुस्त करू नये.

मग बेइनिरला फोन लावला.
तो अजूनही आठच म्हणतो.